फुरशाचं विष नेमकं कोणाला धरतं?

पाऊस सरला की आपण गवत कापायला सड्यावर जातो. मागच्या हंगामात तिथेच आमच्या गटातल्या एका ताईच्या बोटाला फुरसं चावलं. जखम टाचणीएवढी, पण काही तासांनी हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि थांबेना. असं का झालं, हे आम्ही दवाखान्यात विचारून घेतलं.

मटण लवकर शिजावं म्हणून आपण कच्ची पपई लावतो. पपईच्या चिकात विकर असतं, डॉक्टर त्याला एन्झाइम म्हणतात. ते प्रथिनं तोडतं. प्रथिन म्हणजे बारीक मण्यांची गुंडाळलेली माळ. पपईचं विकर फारसं चोखंदळ नाही, बहुतेक माळा तोडतं. फुरशाच्या विषातलं एक विकर मात्र भारी चोखंदळ. त्याचं नाव एकॅरिन, फुरशाच्या शास्त्रीय नावावरूनच पडलेलं. रक्तातल्या शेकडो प्रथिनांतून ते प्रोथ्रोम्बिन धरतं. ही ५७९ मण्यांची माळ, आणि एकॅरिन तोडतं ३२० आणि ३२१ व्या मण्यांमधला धागा.

डोळे नसताना ओळखतं कसं? विकराला एक खाच असते. रक्तात प्रथिनं सारखी तिच्यावर आपटतात. आकार आणि विद्युतभार जुळला नाही की निसटतात, जुळला की क्षणभर अडकतात आणि तुटतात. १८९४ साली एमिल फिशर या जर्मन शास्त्रज्ञाने याला कुलूप-किल्लीची उपमा दिली.

प्रोथ्रोम्बिन हे रक्त गोठवणारं प्रथिन. धागा तुटला की ते जागं होतं आणि अंगभर नको तिथे रक्त गोठवायला लागतं. पंगत बसायच्या आधीच कोणी सगळा तांदूळ संपवावा, तसं गोठायचं सामान संपतं. मग खऱ्या जखमेला काही उरत नाही. म्हणून चावल्या जागी ब्लेड मारू नका. ते रक्त थांबणार कशानं? आवळून बांधूही नका. हात हलवू न देता १०८ ला फोन करा.

दवाखान्यात काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात. नळी कलती केल्यावर रक्त वाहिलं, तर विष चढलं. मग लस देतात. ती घोड्याच्या रक्तापासून बनते, मुंबईच्या हाफकिनमध्येही बनत आली आहे. तिच्यातली प्रथिनंही आकारावरूनच विष ओळखून त्याला चिकटतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर ती एकच, त्यामुळे साप मारून न्यायची गरज नाही.

ताईच्या पहिल्या दोन नळ्यांतलं रक्त पाण्यासारखं वाहिलं. तिसरीतलं गोठलं.