फळ्यावरचा ऋतू

सदाशिव पेठेतल्या एका बोळात, जिन्याच्या नऊ पायऱ्या चढून गेले की एक खाणावळ लागते. नाव सांगत नाही. आहे तीच गर्दी मालकांना झेपत नाही. दाराशी एक काळा फळा आहे आणि त्यावर रोज सकाळी खडूने दोनच ओळी लिहिलेल्या असतात : भाजी अमुक, उसळ अमुक. एका वैशाखात बाहेरगावचे एक कुटुंब माझ्या शेजारच्या टेबलावर बसले होते. त्यातल्या गृहस्थांनी फळा न वाचताच मटार उसळ मागितली.

"मटार नाही," वाढपी म्हणाला.

"का? पिशवीतला बारा महिने मिळतो की!"

गल्ल्यावरून मालक शांतपणे म्हणाले, "मिळतो ना. तो घरी करा. आमच्याकडे आज फणस आहे."

गृहस्थ जरा चमकले. पण फणसाची भाजी त्यांनी तीनदा मागून घेतली, हेही सांगायला हवे.

पुणेरी तुसडेपणाचा आणखी एक किस्सा म्हणून हा सहज खपेल. पण त्याच मालकांना मी, डोळ्यांनी कमी दिसणाऱ्या आजोबांच्या पोळीचे तुकडे करून देताना पाहिले आहे. त्यांचा हट्ट माणसांशी नव्हता, मटाराशी होता. थंडीत सासवडकडचा कोवळा, गोड वाटाणा येऊ लागला की त्याच टेबलावर आले, मिरची, कोथिंबीर वाटून केलेली हिरवीगार उसळ येते. ज्याने ती खाल्ली आहे, त्याला बर्फातला मटार वाढणे ही फसवणूकच, असे त्यांचे म्हणणे.

आपल्याकडे स्वयंपाकघराला स्वतःचे पंचांग असते. चैत्रात कैरीची डाळ आणि पन्हे. अक्षय्य तृतीयेपासून आमरस. आषाढातल्या कांदेनवमीला कांद्याची भजी, थालिपिठे, झुणका असे मनसोक्त खाऊन घ्यायचे, कारण पुढे चातुर्मासात अनेक घरी कांदा, लसूण आणि वांगे बंद. श्रावणात दाणे आणि हरभऱ्याची डाळ घातलेले अळूचे फदफदे (नाव ऐकून नाक मुरडणारी मुले चव घेतली की गप्प होतात) आणि सोललेल्या वालांची डाळिंबी उसळ. भाद्रपदात ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही, म्हणून परसातल्या भाज्यांची ऋषीची भाजी. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की वांगे पुन्हा ताटात येते. मग सोलाण्याची आमटी, आणि भोगीला तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर लेकुरवाळी भाजी. हे सारे धर्माच्या नावाने आले खरे. पण बाजारात जे ताजे आणि स्वस्त असेल ते खा, हा व्यवहारही त्यात आहेच.

आणि हा बाजार खाणावळींच्या हाकेवर होता. महात्मा फुले मंडईची इमारत १८८६ सालची, तेव्हाचे नाव रे मार्केट. गंमत अशी की, नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाला द्या, असे त्यांचे मत. पुढे त्यांचेच नाव तिला मिळाले. आता ठोक व्यवहार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात चालतो, पण आमचे मालक सकाळी पिशव्या घेऊन मंडईतच जातात आणि काय आणले ते पाहून मग फळा लिहितात. आधी फळा, मग बाजार, असे त्यांनी कधी केले नाही.

पुण्यात बाहेर जेवणे ही एके काळी साधी गोष्ट नव्हती. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासह अनेकांवर केवढे वादळ उठले! शिकायला आलेला गरीब मुलगा वार लावून जेवायचा, सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे, नाहीतर माधुकरी मागायचा. १९०९ साली निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहातली मुलेही माधुकरी मागून शिकली. दुसऱ्याच्या ओसरीवर मान खाली घालून जेवण्यापेक्षा महिन्याचे पैसे मोजून ताठ मानेने जेवता येईल, ही सोय खाणावळींनी केली. तीही सर्वांसाठी नव्हती. पाटीवर जात लिहिण्याचा काळ होता तो, हे विसरून गोडवे गाण्यात अर्थ नाही.

काही जागांना मात्र वेगळेच भाग्य लाभले. लक्ष्मी रस्त्यावरचे पूना गेस्ट हाऊस १९३५ साली सुरू केले ते नानासाहेब सरपोतदारांनी, म्हणजे मूकपटांच्या जमान्यातल्या दिग्दर्शक आणि पटकथाकाराने! त्यामुळे नाटक-सिनेमाच्या मंडळींचा तिथे राबता असावा, यात नवल ते काय?

आमच्या बोळातल्या खाणावळीत नटनट्या येत नाहीत. तिथे माझे वडील येत. आई गेली तेव्हा ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते आणि चहापलीकडे त्यांना काही करता येत नव्हते. आम्ही डबा लावू म्हटले. ते म्हणाले, "डब्याशी बोलायचं काय?" आणि रोज बाराला त्या नऊ पायऱ्या चढू लागले. चार महिने त्यांना तिथी-वाराचे भान नव्हते. मग एके दिवशी त्यांचा फोन आला, "अरे, आज भरीत होतं. चंपाषष्ठी झाली वाटतं. तुझी आई त्यात दही घालायची." आई गेल्यानंतर तिच्याविषयी ते आपणहून बोलले, ते हे पहिले वाक्य.

वडील जाऊनही आता सहा वर्षे झाली. मालक सत्तरी ओलांडून गेले. मुलगा परदेशात, त्याला यात रस नाही, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा? पहाटे मंडई, दुपारी दोनपर्यंत वाढणे, संध्याकाळी पुन्हा तेच. ताटाचा भाव वाढवला तर विद्यार्थी तुटतात, न वाढवला तर पोळ्या करणाऱ्या बायकांचा पगार निघत नाही. "पनीर ठेवा, गर्दी वाढेल," असा सल्ला देणारे पुष्कळ. गेल्या दिवाळीत ते मला म्हणाले, "पाडव्यापर्यंत बघतो. नाहीतर कुलूप."

पाडवा उलटला. मी जरा धास्तावूनच जिना चढलो. फळा जागेवर होता, अक्षर मात्र बदलले होते. तीस वर्षे तिथे पोळ्या लाटणाऱ्या बाईंच्या मुलीने ते लिहिले होते. आता मंडईही तीच करते. मालक गल्ल्यावर बसून होते. फळ्यावर लिहिले होते, "कैरिची डाळ". रीची वेलांटी चुकली आहे, असे मी त्यांना हळूच म्हटले.

"दिसली मला," ते म्हणाले. "बसा. पोळी गरम येतेय."