रुपेरी रोम : बोली पंचवीस हजारांची

आज 'द फॉल ऑफ द रोमन एम्पायर' या चित्रपटासाठी लास मातासच्या माळावर उभारलेल्या फोरमबद्दल लिहायचे होते. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण एका वाचकांचे पत्र आले आहे आणि त्यांची शंका मला फार आवडीची आहे. सम्राट कमोडस ढालींच्या रिंगणात पडतो आणि लगेच भर चौकात रोमच्या गादीवर बोली लागते, हा शेवट सिनेमावाल्यांनी रचला असणार, असे त्यांना वाटते.

या चित्रपटात दिग्दर्शक अँथनी मान यांनी इतिहासाला बरीच मुरड घातली आहे. लिव्हियस हा नायकच कल्पित आहे. खऱ्या कमोडसचा गळा ३१ डिसेंबर १९२ रोजी नार्सिसस नावाच्या पैलवानाने आवळला. मार्कस ऑरेलियसने मुलाला डावलायचे ठरवले, हेही खरे नाही; १७७ मध्येच त्याने कमोडसला आपल्या बरोबरीने सम्राट केले होते. लिलाव मात्र खरा आहे, आणि पडद्यावर दिसतो त्याहून भयंकर आहे.

तो फोरममध्ये नव्हे, सम्राटाच्या प्रेटोरियन रक्षकांच्या छावणीत झाला. तारीख २८ मार्च १९३. बोली लावणारे दोघे: सल्पिसिएनस छावणीच्या आत होता, दिदियस ज्युलियानस दाराबाहेर उभा. सैनिकच दलाल झाले. आतला आकडा बाहेर सांगायचा, बाहेरचा आत. बोली चढत माणशी वीस हजार सेस्टर्सवर आली. तेव्हा ज्युलियानसने एकदम पाच हजार वाढवले. आकडा ओरडून सांगितला, वर बोटांनीही दाखवला. दार उघडले. हे सांगणारा इतिहासकार डिओ कॅशियस त्या वेळी रोममध्ये सिनेटर होता. घरी बसलो तर संशय येईल, म्हणून आपण आंघोळ केली, जेवलो आणि सैनिकांच्या गर्दीतून वाट काढत सिनेटमध्ये गेलो, असे तो लिहितो. मला त्या बोलीइतकेच हे जेवणही हादरवते.

मान यांच्यावर माझा राग आहे तो पर्टिनॅक्सला गाळल्याबद्दल. कमोडसनंतर तीन महिनेही पुरे न टिकलेला हा वयस्क सम्राट. खजिना रिकामा होता, म्हणून त्याने कमोडसचे सामानसुमान विकायला काढले. त्यात अंतर मोजणारी गाडीदेखील होती! रक्षकांना त्याने माणशी बारा हजार कबूल केले आणि त्यांची शिस्त आवळली. दोन-तीनशे जण राजवाड्यात घुसले, तेव्हा तो पळाला नाही. त्यांच्यासमोर जाऊन बोलायला उभा राहिला आणि मारला गेला. आतून बोली लावणारा सल्पिसिएनस या पर्टिनॅक्सचाच सासरा. जावयाला मारणाऱ्यांशीच तो सौदा करत होता. पटकथाकाराला याहून जास्त काय हवे?

पर्टिनॅक्स गाळला की सगळे खापर कमोडसच्या माथी फुटते. पण सैनिकांच्या तोंडाला हे रक्त आधीच लागले होते. ४१ मध्ये क्लॉडियसने गादीसाठी रक्षकांना माणशी पंधरा हजार दिले. १६१ मध्ये वीस हजार कबूल केले ते मार्कस ऑरेलियस आणि त्याचा सहसम्राट लुसियस व्हेरस यांनी. अॅलेक गिनेस यांनी ज्याला बर्फाळ सरहद्दीवर मृत्यूशी संवाद करताना इतके सुंदर उभे केले, त्याच तत्त्वज्ञ सम्राटाने ही रक्कम ठरवली होती. ज्युलियानसने त्यावर पाच हजार चढवले, एवढेच. वाईट मुलगा चांगल्या बापाचे राज्य बुडवतो, ही चित्रपटाची मांडणी मला म्हणूनच अपुरी वाटते. गादीला भाव होता. कमोडसनंतर तो उघड्यावर आला.

ज्युलियानसची गादी ६६ दिवस टिकली. डॅन्यूबकडून सेप्टिमियस सेव्हेरस फौजेसह निघाला, तेव्हा सिनेटने ज्युलियानसला मृत्युदंड फर्मावला. रोमच्या वेशीवर सेव्हेरसने प्रेटोरियनांना बोलावून घेतले, निःशस्त्र केले आणि हाकलून दिले.

लास मातास पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर चित्रपटाची शेवटची दहा मिनिटे पुन्हा पाहून ठेवा; तो फोरम कुठून कुठपर्यंत पसरला आहे, तेवढे डोळ्यांत राहू द्या.