हायड्रोजनचा क्षीण सिग्नल आणि खोडदची दुर्बीण

जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडदच्या शिवारात, ऊस-कांद्याच्या रानांपलीकडे, 45 मीटर व्यासाच्या तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. जीएमआरटी (जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप) या रेडिओ दुर्बिणीच्या अशा 30 तबकड्या आहेत: 14 मध्यभागी, 16 तीन भुजांवर, पसारा सुमारे 25 किलोमीटरचा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ही दुर्बीण उभारली. भरीव पत्र्याऐवजी पोलादी दोरांवर ताणलेली तारेची जाळी वापरल्याने तबकड्या हलक्या आणि स्वस्त झाल्या. वारा जाळीतून निघून जातो, लांब रेडिओलहरी मात्र परावर्तित होतात.

एकट्या तबकडीला बारकावे दिसत नाहीत. 30 तबकड्यांच्या 435 जोड्या होतात. जोडीतलं अंतर बदललं की चित्राचा वेगळा तपशील हाती येतो, आणि फूरिए गणिताने ते सारे तपशील जुळवले की आकाश उमटतं. एमआरआयचं चित्रही याच गणिताने बनतं. दोन्हीकडे हायड्रोजनच बोलतो: खोडदला दीर्घिकांमधला, इस्पितळात शरीरातल्या पाण्यातला.

कमी चुंबकीय क्षेत्राचं एमआरआय यंत्र स्वस्त आणि हलवायला सोपं असतं, पण त्याचा सिग्नल फार क्षीण. पाण्याचे रेणू पेशींमध्ये किती मोकळे हलतात हे मोजणारं डिफ्यूजन चित्रण पक्षाघात लवकर ओळखतं, पण ते मुळातच सिग्नल घटवून चालतं. उरलेला सिग्नल गोंगाटात बुडतो.

क्षीण सिग्नलचा हाच प्रश्न खोडदने कसा हाताळला? तबकड्या त्याच ठेवून रिसीव्हर बदलले, बँडविड्थ (एका वेळी टिपला जाणारा कंप्रतापट्टा) 32 वरून 400 मेगाहर्ट्झपर्यंत नेली. 2020 मध्ये 7,653 दीर्घिकांचे सिग्नल एकत्र करून सुमारे 800 कोटी वर्षांपूर्वीच्या हायड्रोजनचा सरासरी ठाव लागला; त्यातली एकेकटी दीर्घिका ऐकू येत नव्हती.

मात्र सरासरीला वेळ लागतो. गोंगाट निम्मा करायला मोजमापं चौपट हवीत, आणि एमआरआय यंत्रातला रुग्ण तेवढा वेळ स्थिर राहत नाही. म्हणून बाहेरचा विद्युत गोंगाट वेगळ्या अँटेनांनी टिपून वजा करणं, रुग्णाची हालचाल दुरुस्त करणं, गणिताने चित्र स्पष्ट करणं, हे सगळं एकत्र लागतं. मोठं चुंबक परवडत नसेल तिथे जोर याच कामांवर द्यायला हवा. डिंभे धरणापलीकडच्या डोंगरातल्या माणसाला पक्षाघात झाला, तर जवळच्याच दवाखान्यात तासाभरात निदान व्हावं. त्यासाठी लागणारी विद्या जुन्नरच्या मातीत आधीच रुजली आहे.