लादी नवी, नाला जुना

‘मालाड पश्चिम, स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. पूर्ण रिनोव्हेटेड वन बीएचके, मॉड्युलर किचन, मागे मोकळा व्ह्यू.’ अशी जाहिरात वाचून रविवारी सकाळी एजंटबरोबर फ्लॅट बघायला जावं, तर दारातच नव्या रंगाचा वास येतो. लादी आरशासारखी, छताला पीओपी, बाथरूममध्ये पांढऱ्याशुभ्र टाइल्स. खिडकी उघडली की मोकळ्या व्ह्यूचा अर्थ कळतो. खाली नाला आहे. इमारत तळमजला अधिक तीन, बिनलिफ्टची, पन्नाशीला टेकलेली.

नाल्याला नाकं मुरडण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी: तो इमारतीच्या आधीपासून इथे आहे. राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांत उगम पावणारं पाणी मालाडच्या खाडीला मिळतं. पोयसर आणि ओशिवरा या नद्या याच खाडीला येतात. वळणई, ओर्लेम, चिंचोली ही पूर्वी गावं होती. मीठ चौकीचं नावच सांगतं, की आसपास मिठागरं होती. १९३४ साली हिमांशू राय आणि देविका राणी यांनी बॉम्बे टॉकीज काढली, तीही याच मालाडात. १९५७ साली हा भाग बृहन्मुंबईत आला. मग शेतांच्या जागी सोसायट्या उठल्या, ओढ्यांना दोन्ही बाजूंनी भिंती आल्या आणि त्यांचे नाले झाले.

पाण्याकाठचं जुनं घर जगात सगळीकडे स्वस्त नसतं. ॲमस्टरडॅमच्या कालव्यांचा १७व्या शतकातला परिसर २०१०पासून जागतिक वारसा आहे. तिथली जुनी घरं लाकडी खुंटांवर उभी आहेत. खुंट पाण्याखाली बुडालेले असतात तोवर टिकतात. पाण्याची पातळी उतरून त्यांना हवा लागली की कुजू लागतात. त्यामुळे घर कितीही सजवलेलं असो, जाणता गिऱ्हाईक आधी पायाची चौकशी करतो. मालाडमध्ये आपण मात्र आधी किचनचा ओटा बघतो.

पीओपीच्या वर काय आहे?

काँक्रीट मुळात अल्कधर्मी असतं, म्हणून आतली सळई गंजत नाही. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरतो आणि हे संरक्षण सरतं. खाडीजवळची खारी, दमट हवा त्यात भर घालते. गंजलेली सळई फुगते, काँक्रीट तडकतं, स्लॅबचे पोपडे पडतात. रिनोव्हेशनमध्ये नेमका हाच भाग पीओपीने झाकला जातो. म्हणून ‘छत कुठून तरी उघडून दाखवा’ असं सांगायला लाजू नये. वरच्या मजल्याच्या बाथरूमखालचा कोपरा तर बघावाच. गळतीचा डाग पहिला तिथे दिसतो.

दुसरा प्रश्न भिंतींचा. हॉल मोठा दिसावा म्हणून काय काय पाडलं? घाटकोपरला २५ जुलै २०१७ रोजी चार मजली इमारत कोसळून १७ जणांचा जीव गेला. तळमजल्यावर काम करताना खांबांना धक्का लावल्याचा आरोप तेव्हा झाला होता. एका घरातल्या हौसेची किंमत सगळ्या बिऱ्हाडांना मोजावी लागते. सोसायटीची लेखी परवानगी आणि इंजिनिअरची सही असलेला नकाशा मागावा.

इमारतीच्या तब्येतीचा कागद म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ते दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. अहवालात ‘सी-१’ शेरा असेल तर इमारत अतिधोकादायक, राहण्यालायक नाही; तिथे नव्या लादीला काही अर्थ उरत नाही.

दुरुस्तीचा पैसा कुणाचा?

गिरगाव-परळच्या उपकरप्राप्त इमारतींना म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाचा आधार असतो. तो फक्त शहर भागाला. उपनगरात प्लास्टरपासून खांबांच्या जॅकेटिंगपर्यंत सगळं सभासदांच्या खिशातून. म्हणून सोसायटीचा सिंकिंग फंड किती, थकबाकी किती, मोठ्या दुरुस्तीची वर्गणी निघणार आहे का, हे सेक्रेटरींना विचारावं. नाही तर ताबा घेतल्याच्या दुसऱ्या महिन्यात नोटीस हातात पडते.

जुना फ्लॅट घेणाऱ्याचा डोळा खरं तर रिडेव्हलपमेंटवर असतो. त्यासाठी जमीन सोसायटीच्या नावावर हवी. १९६३च्या मोफा कायद्याने बिल्डरला कन्व्हेयन्स करून देणं बंधनकारक केलं. तरीही ते अनेकांनी टाळलं, म्हणून २००८मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची सोय झाली. प्रॉपर्टी कार्डावर कुणाचं नाव आहे ते बघावं. नाल्याकाठी आणखी एक मेख आहे. काठालगत मोकळी जागा सोडावी लागते, आणि नाल्यात भरतीचं पाणी येत असेल तर सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टी नियमनाचे नियमही लागू शकतात. नवा टॉवर किती उंच होणार, हे त्यावर ठरतं. त्यामुळे रस्त्याकडच्या सोसायटीला मिळालेली ऑफर ऐकून या घराची किंमत ठरवू नये.

पाणी कुठपर्यंत आलं होतं?

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईचे जुने नाले मुळात ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेले. ‘ब्रिमस्टोवॅड’ प्रकल्पाने ती क्षमता ताशी ५० मिलिमीटर करायचं ठरवलं. पण मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकदम आले, की खाडी नाल्याचं पाणी घेत नाही आणि ते उलटं चढतं. तेव्हा नाल्याच्या कठड्याची उंची, मीटर-बॉक्स जमिनीपासून किती वर आहे आणि पाण्याची टाकी कुठे आहे, हे किचनच्या ड्रॉवरपेक्षा महत्त्वाचं.

पाणी कुठवर चढलं होतं, हे एजंट सांगणार नाही. तळमजल्यावरच्या आजींना विचारावं. त्या आकडा सांगत नाहीत. उठून भिंतीपाशी जातात आणि हात लावून दाखवतात. त्या जागी रंगाचे थर कितीही चढले असोत, हाताला ती उंची पाठ असते.

मग इमारतीला मागून, नाल्याच्या बाजूने एक चक्कर मारावी. पुढच्या बाजूला रंग असतो, मागे ड्रेनेजच्या पाइपांखालचे काळे ओघळ आणि भेगेत रुजलेला पिंपळ. एवढं बघूनही घर आवडलं, तर दुसरी भेट आषाढात, भरतीची वेळ बघून ठरवावी. टोकन त्यानंतर.