बिब्बा उतला, गवत बाधले : अंगावरील पुरळ आणि घरगुती उपायांची पारख

पावसाळ्याच्या उत्तरार्धात वाराणसी परिसरातील भाजीपाला उत्पादक शेतकरी कीटकशास्त्रज्ञाकडे येतात, ते बहुधा वांग्यातील अळी किंवा भेंडीवरील तुडतुडे दाखवण्यासाठी. याच दिवसांत काही जण मात्र पिकाऐवजी स्वतःचा हात, मान किंवा सुजलेली पापणी दाखवतात आणि विचारतात, “कोणता किडा चावला असेल?” पुष्कळदा किडा चावलेलाच नसतो. दोष एखाद्या वनस्पतीचा असतो आणि तोपर्यंत त्या जागेवर हळद, चुना, लिंबू, शेण यांपैकी काही ना काही लावून झालेले असते.

हे उपाय सरसकट त्याज्य नाहीत. त्यांतील काहींमागे पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण आहे. अडचण अशी की, एका कारणावरचा उपाय दुसऱ्या कारणासाठी वापरला की तो निरुपयोगी, प्रसंगी अपायकारक ठरतो. चिकट तेल, हवेत उडणारी धूळ आणि टोचणारी लव या तिन्ही गोष्टींनी खाज सुटते, परंतु त्या अंगावरून काढण्याच्या रीती निरनिराळ्या आहेत. म्हणून उपायाआधी कारण ओळखणे महत्त्वाचे.

बिब्बा : ‘पॉयझन आयव्ही’चा आपल्याकडील भाऊबंद

उत्तर अमेरिकेत ‘पॉयझन आयव्ही’ आणि ‘पॉयझन ओक’ या वनस्पती अंगावर पुरळ उठवण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. त्यांच्या चिकात उरुशिऑल हे तेलकट द्रव्य असते. गंगेच्या मैदानात किंवा महाराष्ट्राच्या शेतशिवारात या वनस्पती आढळत नाहीत, परंतु त्यांचे कूळ आपल्या परिचयाचे आहे. आंबा, काजू, चारोळी आणि बिब्बा ही झाडे त्याच कुळातील. कैरीच्या चिकाने ओठांभोवती येणारे फोड, काजूच्या टरफलातील तेलाने काळवंडणारी व सोलवटणारी बोटे आणि बिब्ब्याने सुजणारे अंग ही एकाच घराण्यातील रासायनिक द्रव्यांची करामत आहे.

बिब्ब्याला हिंदीत भिलावा आणि संस्कृतमध्ये भल्लातक म्हणतात. वाराणसीच्या दक्षिणेस मिर्झापूर व सोनभद्रच्या डोंगराळ जंगलांत तो आढळतो, तसाच विदर्भातही. फळाच्या कवचातील काळा चीक पूर्वी धोबी कपड्यांवर खूण करण्यासाठी वापरीत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर व कमरेवर, नेमक्या कपड्यावरील खुणेच्या जागी, पुरळ उठू लागले. १९४३ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी त्याचे कारण ही धोब्याची खूण असल्याचे प्रसिद्ध केले. वाळलेल्या खुणेतील चीकही इतका प्रभावी असतो. मराठीने तर ‘कामात बिब्बा घालणे’ असा वाक्प्रचारच करून ठेवला आहे.

हा चीक त्वचेत शिरून तेथील प्रथिनांशी जोडला जातो आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा त्याविरुद्ध उठते. पहिल्या संपर्कात काहींना फारसे जाणवत नाही. एकदा शरीराने ओळख धरली की पुढच्या वेळी साधारण एक ते तीन दिवसांनी खाज, लाली व पाण्याचे फोड येतात आणि ते दोन-तीन आठवडे टिकू शकतात. यालाच आपण ‘बिब्बा उतला’ असे म्हणतो. दाट चीक थेट लागल्यास मात्र भाजल्यासारखी जखमही होते.

लोकज्ञानातील सर्वांत मोलाचा भाग येथे उपचारात नसून खबरदारीत आहे. गोडंबीसाठी बिब्बे फोडणाऱ्या स्त्रिया कामाआधी हातांना खोबरेल किंवा तिळाचे तेल चोपडतात. आयुर्वेदानेही भल्लातकाची गणना उपविषांत केली असून विटकरीच्या चुऱ्यात घोळून त्याचे शोधन केल्याशिवाय तो वापरू नये, असे सांगितले आहे. तेलाचा थर चीक त्वचेपर्यंत पोहोचण्यास काही काळ अडथळा करतो. परंतु चीक लागल्यानंतर तेल चोळले तर तेलात विरघळणारा हा चीक आणखी पसरतो. म्हणून तेल कामाआधी लावावे आणि कामानंतर ते साबणाने पूर्ण धुऊन काढावे. जाड हातमोजे मिळत असतील तर ते तेलापेक्षा चांगले.

चीक लागल्यानंतरची पहिली दहा-पंधरा मिनिटे निर्णायक असतात. जागा भरपूर थंड पाणी आणि साबणाने, जोरात न घासता, धुवावी. पुढे प्रत्येक मिनिटागणिक धुण्याचा उपयोग घटत जातो. अमेरिकेत पॉयझन आयव्हीवर आपल्या तेरड्याच्या भाऊबंद वनस्पतीचा लगदा लावण्याची जुनी रीत आहे. तेथील संशोधकांनी ती तपासली, तेव्हा लगद्याचा काही उपयोग दिसला, पण साधा साबण त्याहून सरस ठरला. आपल्याकडील उगाळलेले खोबरे किंवा कोथिंबिरीचा रस यांच्याविषयीही एवढेच म्हणता येईल की, न फुटलेल्या त्वचेवर ते गारवा देतात, पण आत गेलेले विष बाहेर काढत नाहीत.

दोन समजुतींचा येथे उल्लेख करायला हवा. फुटलेल्या फोडातील पाण्याने पुरळ पसरते, ही समजूत चुकीची आहे. पुरळ पसरते ते नखांत, कपड्यांवर किंवा विळ्याच्या मुठीवर राहिलेल्या चिकाने. दुसरी समजूत म्हणजे बिब्ब्याच्या झाडाखाली झोपल्यास अंग सुजते. केवळ सावलीने काही होत नाही, परंतु गळणारा चीक आणि जळत्या लाकडाचा धूर खरोखर बाधतो. म्हणून बिब्ब्याचे लाकूड किंवा टरफले चुलीत घालू नयेत. टाचांच्या भेगांत गरम बिब्बा भरणे किंवा लहान मुलांच्या पोटावर बिब्ब्याचे चटके देणे या प्रथा मात्र पूर्णपणे थांबायला हव्यात.

गाजरगवत : येथे उपाय नव्हे, अंतर

बिब्ब्याचा संबंध थोड्यांशी येतो, गाजरगवताचा जवळजवळ सर्वांशी. मूळचे अमेरिका खंडातील हे तण आपल्या देशात १९५० च्या दशकात प्रथम पुण्यात ठळकपणे नजरेस आले आणि आयात धान्याबरोबर ते आले असे सामान्यतः मानले जाते. आज वाराणसीच्या भाजीपाला पट्ट्यातही बांध, पाटाच्या कडा आणि रिकाम्या जागा त्याने व्यापल्या आहेत. एक झाड हजारो बिया देते.

या तणाच्या लवेत व फुलांत पार्थेनिन हे द्रव्य असते. झाड वाळले की त्याचे सूक्ष्म कण धुळीबरोबर उडतात. त्यामुळे झाडाला हात न लावताही पापण्या, मान, कोपराची घडी आणि गळ्याखालचा उघडा भाग येथे पुरळ येते. हा आजार एकदा जडला की वर्षानुवर्षे परत परत येतो. चेहऱ्याची कातडी जाड व काळपट होते आणि काहींना शेवंती किंवा सूर्यफुलाच्या सान्निध्यातही त्रास सुरू होतो, कारण ही झाडे एकाच कुळातील आहेत. रोजंदारीवर खुरपणी करणाऱ्या माणसासाठी याचा अर्थ कामच सोडणे असा होतो.

कडुनिंबाच्या पाल्याचे पाणी, दही, मुलतानी माती हे उपाय याच पुरळावर सर्वाधिक केले जातात. थंड केलेले कडुनिंबाचे पाणी अपाय करीत नाही. कढत पाण्याने मात्र क्षणभर बरे वाटून नंतर खाज वाढते, आणि लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजते. तथापि, दुसऱ्या दिवशी तोच माणूस त्याच बांधावर गेला, तर कोणताही लेप टिकत नाही. ज्याला गवत बाधते, त्याला त्या कामावर न पाठवणे हाच खरा उपचार. मुकादमाने आणि शेतमालकाने एवढे लक्षात घेतले, तरी बराच त्रास वाचेल.

गवत फुलोऱ्यात येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. वाळलेले गवत झोडपू नये किंवा पेटवू नये. फुले येण्याआधी उपटलेल्या गवताचे कंपोस्ट करता येते. मोकळ्या जागेत टाकळा पेरल्यास तो गाजरगवताला दाबतो. मेक्सिकोतून १९८३ मध्ये बंगळूरला आणलेला झायगोग्रामा भुंगा पावसाळ्यात या गवताची पाने फस्त करतो. पांढुरक्या पाठीवर तपकिरी नक्षी असलेले हे भुंगे दिसल्यास तेथे कीटकनाशक फवारू नये. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात जबलपूरच्या तण संशोधन निदेशालयाच्या पुढाकाराने गाजरगवत जागृती सप्ताह पाळला जातो. गावपातळीवर काम सुरू करण्यास तो सोयीचा मुहूर्त आहे.

खाजकुइली आणि ‘मकडी’

खाजकुइलीच्या (हिंदीत केवाँच) शेंगांवरील लव त्वचेत रुतते आणि तिच्यातील विकरामुळे तत्काळ खाज सुटते. येथे चोळणे ही सर्वांत मोठी चूक, कारण त्याने लव आणखी खोल जाते. ओले शेण किंवा चिखल लावून वाळल्यावर खरवडण्याची जुनी रीत आहे. लव चिकटवून उचलून घेणे हे त्यामागील तत्त्व बरोबर आहे, परंतु खाजवून सोललेल्या कातडीवर शेण लावल्यास धनुर्वाताचा धोका असतो. चिकटपट्टी हलकेच दाबून उचलावी, मग वाहत्या पाण्याने धुवावे आणि कपडे बदलावेत.

शेवटचा आरोपी खरोखरच कीटक आहे, पण आळ भलत्यावर येतो. सकाळी मानेवर किंवा गालावर ओरखड्यासारखी लाल, फोडांची रेघ दिसली की इकडे ‘मकडी मली’ असे म्हणतात आणि आमचूर उगाळून लावतात. बहुधा कोळी निर्दोष असतो. पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा, मुंगीसारखा दिसणारा नारिंगी-काळा पेडेरस भुंगा अंगावर चिरडला गेल्याने त्याच्यातील विषारी द्रव त्वचा जाळतो. भाजलेल्या जागी आमचुराचे आम्ल लावणे चुकीचे आहे. भुंगा फुंकरीने किंवा कागदाने दूर करावा आणि जागा साबणाने धुवावी. हाच भुंगा भातावरील तुडतुडे खाणारा मित्रकीटक आहे, त्यामुळे शेतात त्याला मारण्याचे कारण नाही.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी थोडक्यात

१. प्रथम तीन प्रश्न विचारावेत : काय हाताळले, किती वेळाने पुरळ आले, शरीराच्या कोणत्या भागावर आले? तत्काळ खाज असल्यास खाजकुइली, एक-दोन दिवसांनी फोड असल्यास बिब्बा किंवा तत्सम चीक, पापण्या व मानेवर वारंवार त्रास असल्यास गाजरगवत, सकाळी उठल्यावर रेघ दिसल्यास पेडेरस यांचा संशय घ्यावा.

२. बिब्बा, गाजरगवत व पेडेरस यांसाठी साबण आणि भरपूर पाणी हा पहिला उपचार. शेतावर साबणाची वडी आणि पाण्याचा कॅन असलाच पाहिजे. कामाचे कपडे वेगळे धुवावेत, अवजारांच्या मुठीही धुवाव्यात.

३. खाजेसाठी थंड पाण्याची घडी व कॅलामाइन पुरेसे असते. चुना, रॉकेल, लिंबू, राख, शेण किंवा कढत पाणी वापरू नये.

४. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने स्टेरॉइड-मिश्रित मलम घेऊ नये. चेहऱ्यावर त्याचा दीर्घ वापर त्वचा कायमची बिघडवतो.

५. डोळे, तोंड किंवा गुप्तांगावर सूज, पू, ताप, अंगभर फोड किंवा धुरानंतर श्वासास त्रास असल्यास लगेच डॉक्टरांकडे न्यावे. गाजरगवताचा जुना त्रास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून त्यांच्या सल्ल्यानेच कामाचे स्वरूप बदलावे.

आजीच्या बटव्यातील तेलाची बाटली कामाआधी उघडावी आणि साबण कामानंतर हाताशी ठेवावा. एवढी सवय लागली, तर पुढच्या पावसाळ्यात लेप शोधण्याची वेळ पुष्कळ कमी जणांवर येईल.