रिले, मोटारगाडीतील
अल्प विद्युत् प्रवाहाच्या साहाय्याने मोठ्या प्रवाहाचे मंडल जोडणाऱ्या किंवा तोडणाऱ्या विद्युत् चुंबकीय स्विचाला रिले म्हणतात. शास्त्रीय परिभाषेत त्याला अभिचालित्र अशी संज्ञा आहे. अमेरिकन भौतिकीविज्ञ जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमारास हे तत्त्व उपयोगात आणले व पुढे तारायंत्रामुळे त्याचा प्रसार झाला. मोटारगाडीत पुढील दिवे, भोंगा, रेडिएटरचा पंखा, इंधन पंप इत्यादींसाठी रिले वापरतात. प्रत्येकी ५५ वॉटचे दोन दिवे १२ व्होल्ट दाबाला सु. ९ अँपिअर प्रवाह घेतात. रिले नसेल, तर हा सर्व प्रवाह चालकापुढील लहानशा स्विचातून न्यावा लागतो. रिलेच्या वेटोळ्याला मात्र साधारणतः ०.२ अँपिअरपेक्षा कमी प्रवाह पुरतो.

रचना : नरम लोखंडाच्या गाभ्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून प्रवाह गेला म्हणजे गाभा चुंबक बनून समोरची लोखंडी पट्टी ओढून घेतो आणि पट्टीवरील स्पर्शक स्थिर स्पर्शकाला टेकतो. प्रवाह थांबताच स्प्रिंगमुळे पट्टी मागे जाते. जर्मन मानकानुसार अग्रांना दिलेले क्रमांक आता बहुतेक देशांत रूढ आहेत : ८५ व ८६ ही वेटोळ्याची टोके, ३० हे बॅटरीकडून येणाऱ्या प्रवाहाचे व ८७ हे दिवा, पंप यांसारख्या भाराकडे जाणाऱ्या प्रवाहाचे अग्र होय.

दोषनिदान : रिले ‘टिक्’ असा वाजला म्हणजे तो चांगला, असा समज कारागिरांत आढळतो, तो निम्माच खरा आहे. आवाजावरून वेटोळे व पट्टी काम करीत आहेत एवढेच कळते. स्पर्शकांविषयी काहीच कळत नाही. म्हणून दोन्ही मंडले स्वतंत्रपणे तपासावी लागतात.

प्रथम स्विच चालू करून ८५ व ८६ यांमधील विद्युत् दाब खोबणीच्या मागील बाजूने मोजतात. तो बॅटरीच्या दाबाइतका नसेल, तर दोष स्विच, फ्यूज, तार किंवा सांगाड्याशी असलेली जोडणी यांपैकी कोठे तरी असतो व नवा रिले बसवून काही साधत नाही. जुन्या गाडीत गंजलेली सांगाड्याची जोडणी हे कारण फार वेळा निघते. दाब पुरेसा असून आवाज येत नसेल, तर रिले काढून वेटोळ्याचा रोध मोजतात. १२ व्होल्टच्या सामान्य रिलेत तो बहुधा ७० ते १०० ओहम असतो. मापकात तो अनंत दिसल्यास तार तुटलेली असते.

आवाज येत असेल, तर भार चालू ठेवून ३० व ८७ यांमधील दाब मोजतात. चांगल्या स्पर्शकांत ही घट ०.१ ते ०.२ व्होल्टच्या आसपास असते. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट आढळल्यास स्पर्शक जळाले आहेत असे समजावे. येथे केवळ रोध मोजणे फसवे ठरते. मापक अत्यल्प प्रवाह वापरतो, त्यामुळे ०.१ ओहमचा रोध त्याला नगण्य दिसतो. परंतु १० अँपिअर प्रवाहाला त्याच रोधात १ व्होल्ट वाया जातो व १० वॉट उष्णता निर्माण होते. प्लॅस्टिकच्या बंद डबीत ही उष्णता खोबणी वितळविण्यास पुरते, आणि गाडीला आग लागण्याचा खरा धोका येथेच असतो. उलट प्रकारचा दोष म्हणजे स्पर्शक वितळून एकमेकांना चिकटणे; मग स्विच बंद करूनही भार चालूच राहतो व रात्रीतून बॅटरी उतरते.

काही दोष उन्हातच प्रकट होतात. होंडा कंपनीच्या १९८० व १९९० च्या दशकांतील अनेक गाड्यांत इंधन पंपाला प्रवाह पुरविणाऱ्या मुख्य रिलेच्या पायांभोवती डाखाला केसासारखी वर्तुळाकार भेग पडत असे. सकाळी सुरू होणारी गाडी उन्हात उभी राहिल्यावर सुरू होत नसे आणि थंड झाली की पुन्हा चालू लागे. किल्ली फिरवताच सु. दोन सेकंद ऐकू येणारी पंपाची घरघर अशा वेळी येत नसे. जुना डाख काढून सांधा नव्याने जोडला की बहुधा काम भागे. तपासणीसाठी ३० व ८७ यांच्या जागा फ्यूज असलेल्या तारेने क्षणभर जोडून पंप चालवून पाहता येतो. मात्र अशी तार ठेवून गाडी हाकू नये. एंजिन बंद पडताच पंप बंद करण्याची व्यवस्था अनेक गाड्यांत याच रिलेद्वारे होते आणि अपघातानंतर पेट्रोल वाहत राहणे तिने टळते.

बदल : रिले काढण्यापूर्वी बॅटरीचे ऋण अग्र सोडवितात. खोबणीतील हिरवा गंज व सैल झालेल्या पकडी दुरुस्त केल्या नाहीत, तर नवा रिलेही लवकर जळतो. जास्त प्रवाह ओढणारा जाम पंखा किंवा पंप तसाच राहिल्यासही तेच घडते. वेटोळ्यातील प्रवाह तुटताना उद्‌भवणारा उच्च दाब शमविण्यासाठी काही रिलेंत डायोड असतो. त्याला धन-ऋण उलट जोडल्यास मंडल संक्षेपित होते. १९६० च्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत धन अग्र सांगाड्याला जोडलेले असल्याने तेथे हा विचार विशेष करावा लागतो.

सर्वांत फसवी चूक मात्र अग्रांच्या मांडणीची आहे. दिसण्यात अगदी सारख्या अशा दोन मांडण्या प्रचलित असून त्यांत ३० व ८६ यांच्या जागा परस्परांत बदललेल्या असतात. ८५ कायम सांगाड्याला जोडलेले असेल, तर चुकीच्या मांडणीचा रिले बसवूनही दिवे व्यवस्थित लागतात. फक्त त्यांचा सारा प्रवाह आता चालकापुढील नाजूक स्विचातून वाहतो व वेटोळे अहोरात्र चालू राहते. डबीवर छापलेली आकृती जुन्या रिलेवरील आकृतीशी ताडून पाहिल्यास ही चूक बसविण्यापूर्वीच लक्षात येते.