‘वॉर’चे कूळ

इंग्रजीतला ‘वॉर’ मुळात रणांगणाचा नव्हे, गोंधळाचा शब्द. जुन्या जर्मानिक भाषांतल्या ‘वेर्रा’चा अर्थ गोंधळ, कलह. आजच्या जर्मनमधले ‘फेरविरेन’, म्हणजे गोंधळात टाकणे, त्याच कुळातले. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर नॉर्मन फ्रेंचमार्गे तो इंग्लंडात रुजला आणि तिथला युद्धासाठीचा जुना शब्द ‘विग’ मागे पडला.

नवल स्पॅनिशचे! लॅटिनची लेक असूनही तिने आईचा ‘बेलुम’ सोडून त्याच जर्मानिक ‘वेर्रा’चा ‘गेर्रा’ उचलला. ‘गेरिला’ हे त्याचेच लघुरूप, अर्थात छोटे युद्ध. १८०८ पासून स्पॅनिश टोळ्यांनी नेपोलियनच्या फौजांना जेरीस आणले, तेव्हा ते इंग्रजीत शिरले.

पुढे ‘वॉर’ रणांगणाबाहेरही पोचला: १९६४ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी दारिद्र्याविरुद्धही ‘वॉर’ पुकारले. खऱ्या युद्धाची रीतसर घोषणा मात्र अमेरिकी काँग्रेसने १९४२ नंतर केलेली नाही.